मुलांचे पोहणे, खेळ आणि आरोग्य : सांगलीतील पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की सांगलीतल्या जलतरण तलावांच्या खिडक्यांपुढे पालकांची रांग लागते आणि त्या रांगेत दरवर्षी जवळपास तेच प्रश्न विचारले जातात. शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून नोकरी केल्यानंतर गेली काही वर्षे मी मुलांच्या उन्हाळी शिबिरात मदत करतो, त्यामुळे त्यांतले बरेच प्रश्न माझ्याच वाट्याला येतात. उत्तरांतला वैद्यकीय भाग शिबिराला येणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना दाखवून घेतला आहे. तरीही मुलाला आधीपासून एखादा आजार असेल, तर इथे वाचून निर्णय न घेता त्याला ओळखणाऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

१. मुलाला कोणत्या वयात पोहायला घालावे?

बहुतेक मुलांच्या हातापायांचा आणि श्वासाचा मेळ चौथ्या वर्षाच्या सुमारास बसू लागतो. आपल्याकडचे तलाव साधारण पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांना घेतात, ते या दृष्टीने योग्यच आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिल्या वाढदिवसानंतर पाण्याचे धडे सुरू करण्यास हरकत नाही असे सांगते, कारण बुडून मरणाऱ्या मुलांत एक ते चार वर्षांच्या मुलांचे प्रमाण सर्वांत जास्त आहे. मात्र ते धडे आईने किंवा वडिलांनी स्वतः पाण्यात उतरून, मुलाला हाताच्या अंतरावर ठेवून घ्यायचे असतात.

वयापेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटते. मूल चार हात मारून कडेला पोहोचले की पालक टाळ्या वाजवतात आणि ‘आला पोहायला’ असे जाहीर करून टाकतात. आम्ही शिबिरात पाच गोष्टी पाहतो : डोक्यावरून पाणी जाईल अशा ठिकाणी उडी मारून वर येणे, एक मिनिट तरंगत किंवा पाय मारत राहणे, गोल वळून बाहेर पडण्याची जागा हेरणे, तिथपर्यंत २५ मीटर पोहणे आणि शिडी न धरता बाहेर येणे. एका महिन्यात हे सगळ्यांना जमत नाही आणि त्यात कमीपणाही नाही. पण जोवर जमत नाही, तोवर घरात ‘त्याला पोहता येतं’ असे म्हणू नये, कारण ते वाक्य मूल ऐकत असते.

२. आम्ही गावाकडे विहिरीत भोपळा बांधून शिकलो. मुलाला पैसे भरून तलावात का शिकवायचे?

आमच्या पिढीतले बहुतेक जण तसेच शिकले. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा, कमरेला कासरा आणि कासऱ्याचे दुसरे टोक काठावर बसलेल्या चुलत्याच्या हातात. आठ-दहा दिवसांनी भोपळा सुटायचा आणि मग मुटका मारायची परवानगी मिळायची. या पद्धतीत जी ताकद होती, ती भोपळ्यात नव्हती; कासरा धरणाऱ्या माणसाची नजर त्या एकाच पोरावर खिळलेली असायची, त्यात होती. आज कासरा धरणारा चुलता पुण्याला नोकरीला असतो आणि विहिरीवर मुले मुलांबरोबरच जातात.

विहिरीही बदलल्या आहेत. कित्येकांचे कठडे ढासळले आहेत, पायऱ्या शेवाळल्या आहेत, आणि पाणी किती खाली गेले आहे याचा वरून अंदाज येत नाही. उथळ किंवा गाळाने भरलेल्या पाण्यात डोके खाली करून सूर मारला तर मानेचा मणका मोडून हातपाय कायमचे लुळे पडू शकतात; म्हणून अनोळखी पाण्यात सूर मारायचाच नाही, पाय खाली करून कडेने उतरायचे, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. विहिरीत मोटार असेल तर नुसते स्टार्टरचे बटण दाबून भागत नाही, मेन स्विच बंद करावा. एवढे सगळे सांभाळून, कळता माणूस काठावर बसवून कुणी विहिरीत शिकवत असेल तर त्याला मी नावे ठेवणार नाही. शहरात राहणाऱ्या कुटुंबाला ते जमत नाही, म्हणून तलाव.

३. पोहायला आल्यावर मुलाला कृष्णेत, कालव्यात किंवा शेततळ्यात जाऊ द्यावे का?

या तीन पाण्यांचे धोके वेगवेगळे आहेत आणि तलावात कमावलेले कौशल्य तिन्ही ठिकाणी अपुरे पडते.

कृष्णेचे पाणी वाहते, गढूळ असते आणि खालचा तळ दर पावसाळ्यानंतर बदलतो. जून ते ऑक्टोबर या काळात घाटावर पाय बुडवायलाही मुलांना नेऊ नये. सांगलीत लख्ख ऊन पडलेले असताना पाणी चढते, कारण पाऊस कोयनेच्या पाणलोटात झालेला असतो आणि विसर्ग कराडच्या संगमावरून आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते, पण मुलाला ओढून न्यायला त्याच्या किती तरी खालची पातळी पुरते. २०१९च्या महापुरात ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. नदीकाठी आयुष्य काढलेल्या माणसांनाही तसल्या प्रवाहात हात मारता येत नाहीत. शिवाय भिलवडी-औदुंबर परिसरापासून सांगलीपर्यंतच्या पात्रात मगरींचा वावर आहे आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. हिवाळ्यात त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात म्हणून इतर वेळी नसतात, असा अर्थ नाही.

टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ योजनांच्या कालव्यांना पुष्कळ ठिकाणी सिमेंटचे उतरते काठ आहेत. पाणी संथ दिसते, पण प्रवाह माणसाला सरळ पुढे नेतो आणि उतरत्या काठावर बोटे रुतवायला काही सापडत नाही. पुढे मोरी किंवा जाळी आली की पाण्याची ओढ माणसाला तिथेच दाबून धरते.

शेततळ्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी या भागांत द्राक्ष-डाळिंबाच्या बागांसाठी शेततळी वाढत गेली आणि पालक मात्र त्यांच्याकडे निव्वळ पाण्याची सोय म्हणून पाहतात. तळ्याला अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद काही महिन्यांत शेवाळाने बुळबुळीत होतो. एकदा आम्ही एका बागायतदाराची परवानगी घेऊन, कमरेला दोर बांधून, कबड्डी खेळणाऱ्या अठरा वर्षांच्या दणकट मुलाला अशा तळ्यात उतरवले आणि ‘आता वर ये’ असे सांगितले. पहिल्या प्रयत्नाला तो गुडघ्यांवर आला आणि घसरला. दुसऱ्याला पोटावर पडून बोटांनी कागद धरायला गेला, तर बोटांखालून हिरवा शेवाळ निघून आला. चौथ्या प्रयत्नानंतर काठावर हसणारी मुले गप्प झाली, आणि त्यानंतर आम्ही त्याला दोराने ओढून घेतले. त्या मुलाला उत्तम पोहता येत होते.

तळे आपल्या मालकीचे असेल तर भोवती दार असलेले कुंपण घालावे आणि चारही बाजूंना काठावर पक्के बांधलेले दोर, गाठी मारून, थेट पाण्यात सोडून ठेवावेत. काठावर दोरात गुंफलेले जुने टायर पायऱ्यांसारखे उपयोगी पडतात. हा खर्च ठिबकच्या एका दुरुस्तीहून जास्त नाही.

४. कुणी बुडताना दिसले तर काय करावे?

बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, कारण ओरडायला लागणारी हवा त्याच्याकडे नसते. तोंड पाण्याच्या पातळीशी, मान मागे, हात बाजूंनी पाण्यावर दाबल्यासारखे, आणि हाक मारली तरी ओ नाही, असे दिसले की ते खेळत आहे असे समजू नये. या अवस्थेतून मूल पाण्याखाली जायला एक मिनिटदेखील लागत नाही. तलावाच्या कठड्यावर बसून मोबाइल पाहणाऱ्या पालकांना मी याच कारणासाठी टोकतो आणि काहींचा रोष पत्करतो.

पाण्यात उडी मारू नये. वाचवायला गेलेला भाऊ किंवा बापही बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. काठावर पालथे पडून काठी, साडी, टॉवेल पुढे करावा. अंतर जास्त असेल तर दोर, टायरची ट्यूब किंवा घट्ट झाकणाचा रिकामा कॅन फेकावा, आणि त्याच वेळी मोठ्याने माणसे गोळा करावीत.

बाहेर काढलेल्या मुलाला उलटे टांगणे, डोक्यावर घेऊन गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार अजूनही होतात. त्यात अमूल्य वेळ जातो आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत शिरण्याचा धोका वाढतो. मूल शुद्धीवर नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ला फोन लावावा आणि दुसऱ्याने उताणे झोपवून, हनुवटी किंचित वर उचलून, नाक चिमटीत धरून तोंडाने छाती वर येईल इतपत दोन ते पाच श्वास द्यावेत. त्यानंतर छातीच्या मध्यभागी, छातीच्या जाडीच्या साधारण एकतृतीयांश खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब आणि मग पुन्हा दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. बुडण्यात आधी प्राणवायू तुटतो, म्हणून इथे श्वासांना पहिला मान आहे. हे वाचून येत नाही. पुतळ्यावर एकदा हात बसवून घ्यावा लागतो. आम्ही प्रत्येक शिबिरात एक रविवार यासाठी ठेवतो आणि त्या दिवशी सर्वांत कमी पालक येतात.

मूल शुद्धीवर आले, बोलू लागले, तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. फुफ्फुसांवरचा परिणाम काही तासांनी दिसू शकतो.

५. ‘पोहून आल्यावर दोन दिवसांनी मूल झोपेत बुडते’ असा संदेश फिरतो. ते खरे आहे का?

नाही. धडधाकट खेळणारे मूल, ज्याच्या नाकातोंडात एकदा थोडे पाणी गेले होते, ते दोन दिवसांनी अचानक तसे दगावत नाही. गटांगळ्या खाल्ल्यानंतर पहिल्या काही तासांत सतत खोकला, धाप, विलक्षण सुस्ती किंवा वारंवार उलटी दिसली तर मात्र लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

६. तलावाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे त्वचा, डोळे आणि केस बिघडतात का?

योग्य प्रमाणातले क्लोरीन, म्हणजे लिटरमागे साधारण १ ते ३ मिलिग्रॅम, आणि ७.२ ते ७.८ या दरम्यानचा सामू असेल तर मुलांना सहसा त्रास होत नाही. तलावावर पाय ठेवताच नाकाला झोंबणारा वास आला की लोक ‘क्लोरीन जास्त झालंय’ म्हणतात. वस्तुस्थिती बहुधा उलटी असते. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जी संयुगे बनतात, त्यांचा तो वास असतो, आणि डोळे लाल होतात तेही मुख्यतः त्यांच्यामुळेच. म्हणून पाण्यात उतरण्याआधी साधी अंघोळ आणि शौचालय, हे नियम पाळण्यात प्रत्येकाचा स्वार्थ आहे. खोल भागाचा तळ वरून स्वच्छ दिसत नसेल तर त्या दिवशी मुलाला पाण्यात सोडू नये, भरलेले पैसे गेले तरी चालतील. तळ दिसत नाही तिथे बुडालेले मूलही दिसत नाही.

केसांसाठी आधी साध्या पाण्याने ते भिजवावेत, वर टोपी घालावी आणि नंतर धुवावेत. कॉस्च्युम नायलॉनचाच हवा. सुती कपडा पाणी पितो आणि शिकणाऱ्याला खाली ओढतो.

७. सर्दी, जुलाब किंवा कानदुखी असताना पाठवावे का?

साधी वाहती सर्दी असून मूल खेळकर असेल तर पाठवण्यास हरकत नाही. ताप, छातीतला खोकला किंवा अंगदुखी असेल तर पोहणे आणि मैदान दोन्ही बंद. जुलाबाच्या बाबतीत मात्र सवलत नाही. जुलाबाच्या काही जंतूंवर क्लोरीनचा परिणाम फार सावकाश होतो आणि ते तलावात आठवडाभरही तग धरतात, म्हणून जुलाब पूर्ण थांबेपर्यंत, आणि डॉक्टरांनी तसा जंतू असल्याचे सांगितले असेल तर थांबल्यावरही दोन आठवडे, मुलाला घरीच ठेवावे.

कानाची पाळी ओढल्यावर दुखत असेल तर तो बाहेरच्या नळीचा संसर्ग असण्याची शक्यता असते. पोहून आल्यावर मान एकेका बाजूला कलती करून पाणी निथळू द्यावे, टॉवेलच्या टोकाने बाहेरचा कान पुसावा, आणि काडी, पिन, कोमट तेल यांतले काहीही कानात घालू नये. पडद्याला भोक असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी हो म्हटल्याशिवाय पाण्यात उतरवू नये.

८. मुलाला दमा आहे, किंवा पूर्वी फिट आली होती. मग खेळ बंदच ना?

बंद करू नयेत. दम्याच्या मुलांना पोहणे पुष्कळदा इतर खेळांपेक्षा सोसते, कारण पाण्याजवळची हवा दमट असते आणि कोरड्या थंड हवेने जशा श्वासनलिका आवळतात तशा इथे आवळत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेला रोजचा पंप चुकवू नये, तात्काळ आराम देणारा पंप कठड्यावर नाव लिहिलेल्या पिशवीत असावा आणि तो कुठे आहे हे कोचना ठाऊक असावे. ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत इतकी घट्ट आहे की काही घरांत पंप कपाटात आणि मूल तलावावर असते.

फिट येणाऱ्या मुलाची फिट औषधाने आटोक्यात असेल तर डॉक्टरांच्या संमतीने ते पोहू शकते, मात्र त्याच्यासाठी एक मोठा माणूस, ज्याला स्वतःला पोहता येते, पूर्ण वेळ हाताच्या अंतरावर पाण्यात असला पाहिजे. आजार लपवून नाव घालणारे पालक आम्हाला दरवर्षी भेटतात. प्रवेश नाकारतील अशी त्यांना भीती असते, आणि काही ठिकाणी तसे होतेही, हे मान्य करून विनंती आहे की सांगा.

आणखी एका बाबतीत घाई करावी. पळताना किंवा पोहताना मूल अचानक शुद्ध हरपून पडले असेल, किंवा जवळच्या नात्यात तरुण वयात कुणाचा आकस्मिक मृत्यू झाला असेल, तर ‘उपाशी होता म्हणून चक्कर आली’ यावर विषय संपवू नये. हृदयाच्या ठोक्यांचे काही आनुवंशिक दोष नेमके अशा वेळी उघड होतात, त्यामुळे ईसीजी आणि तज्ज्ञांची तपासणी होईपर्यंत खेळ थांबवावा.

९. मुलगी वयात येत आहे. तिने पोहणे सुरू ठेवावे का?

सुरू ठेवावे. आमच्या शिबिरात दहा वर्षांपर्यंत मुली आणि मुलगे जवळपास सारखे असतात. सातवी-आठवीनंतर मुली गळतात, आणि विचारले की तीन कारणे कानावर येतात : रंग काळवंडेल, कपडे आणि पाळी.

उन्हाने त्वचा रापते आणि काही आठवड्यांत पूर्ववतही होते. सकाळी आठच्या आतली किंवा संध्याकाळची बॅच घेतली तर तेही फारसे होत नाही. पूर्ण बाह्यांचे आणि गुडघ्यापर्यंतचे पोहण्याचे कपडे बाजारात मिळतात. पाळीत पोहल्याने गर्भाशयाला किंवा पुढच्या आयुष्याला काहीही अपाय होत नाही. सॅनिटरी पॅड पाण्यात उपयोगाचा नाही. टॅम्पॉन, मेन्स्ट्रुअल कप किंवा खास पोहण्याची पाळीची पँट हे पर्याय आहेत. त्यांपैकी काहीच नको असेल तर दोन-तीन दिवस सुट्टी घ्यावी. कोचनी त्याचे कारण विचारू नये, असे आम्ही लेखी ठरवून दिले आहे. नियमित सराव करणाऱ्या मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही तर मात्र ते कौतुकाचे लक्षण नाही. खाणे सरावाला पुरत नसल्याची ती खूण असू शकते आणि डॉक्टरांना दाखवावे.

१०. खेळणाऱ्या मुलाला काय खायला द्यावे? प्रोटीन पावडर लागते का?

पावडर लागत नाही. भाकरी किंवा चपाती, डाळ किंवा उसळ, भाजी, दूध-दही, खात असतील त्यांच्या घरी अंडे, आणि मधल्या वेळी शेंगदाणे-गूळ, केळे, ऋतूत द्राक्षे, एवढ्यावर शालेय खेळाडूचे उत्तम भागते. जेवण सरावाच्या दोन-तीन तास आधी असावे आणि पहाटेच्या बॅचला रिकाम्या पोटी न पाठवता केळे किंवा छोटा लाडू द्यावा. जेवून पोहल्यास माणूस बुडतो ही समजूत खरी नाही; पोट जड होते, मळमळते, इतकेच. पाण्यात असतानाही घाम येतो, म्हणून कठड्यावर पिण्याच्या पाण्याची बाटली हवी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. सुट्टीत आळसावलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी दुपारच्या मैदानात उतरवू नये, उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात.

मूल ‘आळशी झालंय, दोन फेऱ्यांतच बसतंय’ अशी तक्रार असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते १९ वयोगटातल्या सुमारे ५९ टक्के मुलींत आणि ३१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी याचसाठी आहे. ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही. आणि मळमळते म्हणून खिडकीतून बाहेर टाकली जाते हे मी शिक्षक असताना वर्गामागच्या पन्हाळीत निळा खच पाहून शिकलो.

११. पोहल्याने उंची वाढते का?

नाही. उंची आई-वडिलांकडून आणि लहानपणच्या पोषणातून येते. उंच मुले पोहण्यात पुढे जातात म्हणून तसे वाटते.

१२. लवकर यश मिळावे म्हणून एकाच खेळात घालावे का? सराव किती असावा?

सांगलीत हा प्रश्न विचारणारे पालक स्मृती मानधनाचे उदाहरण हमखास देतात, आणि ती नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात निवडली गेली होती हे खरेच आहे. पण शेजारच्या सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले, तेव्हा ते २६ वर्षांचे होते. साधारण बाराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत मुलाने दोन-तीन खेळ खेळावेत, हे बालरोगतज्ज्ञांचे मत आमच्या अनुभवाशी जुळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल व्हावी. वरची मर्यादा म्हणून एक सोपा हिशोब आहे : आठवड्यातील संघटित सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी असावी, आणि एकाच खेळातून वर्षाकाठी एकूण दोन-तीन महिने विश्रांती असावी.

एकाच ठिकाणचे दुखणे, उदाहरणार्थ पोहणाऱ्याचा खांदा, वेगवान गोलंदाजाची कंबर किंवा वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली येणारा दुखरा उंचवटा, दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर मालिश आणि मलम थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. मिरजेसारखे रुग्णालयांचे गाव हाकेच्या अंतरावर असताना हाडवैद्याकडे चकरा मारून मुलाचे वर्ष घालवणारे पालक पाहिले की वाईट वाटते.

१३. कुस्ती आणि कबड्डी खेळणाऱ्या मुलांनी काय सांभाळावे?

डोके आपटल्यावर मूल गोंधळले, तेच तेच विचारू लागले, उलटी झाली किंवा दोन दिसू लागले, तर त्या दिवशी ते पुन्हा मैदानात उतरणार नाही. सामना अंतिम असला तरी नाही. परत येताना आधी शाळा, मग हलका व्यायाम आणि सर्वांत शेवटी अंगाला अंग लागणारा खेळ, असा क्रम डॉक्टरांच्या सल्ल्याने ठेवावा.

तालमीत नायटा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. औषधाच्या दुकानातून ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब आणली की दोन दिवस खाज थांबते आणि मग नायटा दुपटीने पसरतो, कारण अशा अनेक मलमांत स्टेरॉईड असते. त्वचारोगतज्ज्ञांचे औषध त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावावे आणि टॉवेल, लंगोट रोज उन्हात वाळवावा.

वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणे, जाड कपड्यांत पळवणे, थुंकायला लावणे हे वाढत्या वयाच्या मुलाच्या मूत्रपिंडांशी आणि हृदयाशी खेळणे आहे. वरच्या गटात खेळवावे. हरला तर हरू द्यावे.

१४. दिव्यांग मुलाला पोहता येईल का?

पाण्यात शरीराचे वजन हलके होते, त्यामुळे जमिनीवर न जमणाऱ्या कित्येक हालचाली पाण्यात जमतात. याच जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात जखमी होऊन अपंग झाले आणि १९७२मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाईल पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवणारे सचिन खिलारी आटपाडी तालुक्यातील करगणीचे. खरी अडचण उतरण्याची आणि कपडे बदलण्याची असते : रॅम्प नाही, कपडे बदलण्याची खोली अरुंद, ओल्या फरशीवर कुबडी घसरते. नाव घालण्याआधी एकदा मुलाला घेऊन जागा पाहून यावी आणि एका मुलामागे एक प्रशिक्षक मिळेल का ते विचारावे.

१५. कोच चांगला आहे हे कसे ओळखावे?

किती पदके काढली हे शेवटी विचारावे. पाण्यात एका वेळी किती मुले सोडतात, जीवरक्षक वेगळा असतो का, त्यांना कृत्रिम श्वास देता येतो का, हे आधी. पालकांना सराव पाहू न देणारी जागा टाळावी. कोचनी मुलाला एकटे घरी बोलावणे, खासगी संदेश पाठवणे, शिकवण्याच्या गरजेपलीकडे स्पर्श करणे यांतले काहीही चालवून घेऊ नये. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ क्रीडांगणावरही लागू आहे आणि १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे. मूल अचानक ‘मला नाही जायचं’ म्हणू लागले तर रागावण्याआधी शांतपणे कारण विचारावे. कधी ते पाण्याची भीती असते, कधी दुसरेच काही निघते.

१६. दहावीच्या वर्षी खेळ थांबवावा का?

स्पर्धांचा ताण कमी करावा, खेळ थांबवू नये. आठवड्यात चार-पाच दिवस पाऊण तास पुरतो आणि झोप चांगली लागते. शासनमान्य स्पर्धांतील कामगिरीवर सवलतीचे क्रीडा गुणही मिळतात, पण त्यासाठी प्रमाणपत्रे शाळेमार्फत वेळेत जावी लागतात. ती फाइल पालकांनी स्वतः सांभाळावी.

१७. मुलाला सोडायला येणाऱ्या आईला स्वतः शिकता येईल का?

येईल, आणि हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जायला हवा तितका विचारला जात नाही. शेततळ्याच्या काठावर, घाटावर, सहलीच्या रिसॉर्टमध्ये मुलांजवळ बहुतेक वेळा आईच असते, आणि आमच्या रांगेतल्या बहुतेक आयांना पोहता येत नाही. महिलांची स्वतंत्र बॅच अनेक तलावांवर असते. नसेल तर दहा जणींनी मिळून अर्ज दिला की वेळ काढली जाते, असा आमचा अनुभव आहे. मोठ्या माणसाला भीती घालवायला मुलापेक्षा जास्त दिवस लागतात, शिकायला मात्र कमी. गेल्या वर्षी एक बाई पहिले आठ दिवस फक्त छातीएवढ्या पाण्यात कडेचा पाइप धरून उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा पलीकडच्या लेनमधून दर फेरीला थांबून विचारायचा, ‘आई, सोडलास का पाइप?’ नवव्या दिवशी त्यांनी सोडला. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांचे पत्र आणावे, आणि नाव नोंदवायला येताना आधार कार्डाची प्रत व दोन फोटो आणावेत.